गिअरबॉक्सात जीएल-४ की जीएल-५? सकाळी दुसरा गिअर कर्र करतोय, बेळगाव भागातल्यांनी जरा सांगा

अनगोळ_केए२२
१४ डिसेंबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथं नुसतं वाचतोय, लिहायची वेळ पहिल्यांदाच आली. गाडी साधी पेट्रोल हॅचबॅक, २०१४ ची, फ्रंट व्हील ड्राइव्ह, पाच गिअर, ८६ हजार किलोमीटर झालेत, मी आणि बाबा दोघंच चालवतो. गेल्या महिन्यात सर्व्हिसिंगला टाकली तेव्हा मेस्त्री म्हणाले गिअर ऑइल कधी बदललंय काय, मी म्हटलं घेतल्यापासून नाही, तर म्हणाले मग बदलून टाकूया की, भारीतलं घालतो. मला बरंच वाटलं.

चार-पाच दिवसांनी थंडी पडली आणि तेव्हापासून रोज सकाळी हेच सुरू आहे, गल्लीतून गाडी बाहेर काढली आणि पहिल्यातून दुसऱ्याला टाकायला गेलं की लिव्हर मध्येच अडतो, जोर लावला तर कर्रर्र, आणि तो आवाज नुसता कानाला नाही तर थेट तळहाताला जाणवतो. तिसऱ्या रेल्वे गेटच्या पुढं जाईपर्यंत कमी होतो पण पूर्ण जात नाही. आधी हे कधीच नव्हतं. बाबांनी तर दोन दिवस झाले गाडी चालवायचीच सोडली आहे, म्हणतात हात धजत नाही.

बिलावर नुसतं 'गिअर ऑइल २ लिटर'. म्हणून परत गॅरेजला जाऊन रिकामा कॅन बघितला, जाडीचा ग्रेड ८५डब्ल्यू-१४०, ऑइलचा प्रकार जीएल-५. घरी येऊन गाडीचं पुस्तक काढलं तर त्यात ७५डब्ल्यू-८५, जीएल-४. मेस्त्रींना दाखवलं तर म्हणाले पाच हे चारच्या वरचं, वरचं घातल्यानं नुकसान कसं होईल. बोलणं पटण्यासारखं वाटतं पण आवाज तर येऊलालाय. खरं काय? आणि असंच चालवत राहिलो तर किती धोका?

चिक्कोडी_ऊसवाला
१४ डिसेंबर, रात्री १०.१५

भावा घाबरू नको. आमच्यात दोन ट्रॅक्टर हायत, वीस वर्षं झाली ९० नंबर नायतर १४० नंबर सोडून दुसरं काय घातलं न्हाई, उसाची ट्रॉली भरून कारखान्यापर्यंत वढत्यात, आजवर गिअरबॉक्स उघडायला लागला न्हाई. जाड ऑइल असलं की दात झिजत न्हाईत बग. थंडीचं जरा जड जातंय, तापलं की मोकळं हुतंय. महिनाभर चालव, बसंल.

उद्यमबाग_टर्नर
१४ डिसेंबर, रात्री ११.३०

ऊसवाले मामा, तुमचा अनुभव ट्रॅक्टरसाठी खरा आहे पण तो या गाडीला लागू पडत नाही, का ते सांगतो. जरा लांबेल, कारण मी उद्यमबागेत गिअरच्या कामात २२ वर्षं आहे आणि या एका गोष्टीपायी चांगले गिअरबॉक्स खराब झालेले डोळ्यानं बघितलेत.

आधी ते चार-पाचचं बघू. जीएल-४ आणि जीएल-५ हे दहावी-बारावीसारखं नाही की पाचवाला जास्त शिकलेला. दोन वेगळ्या कामांची ही दोन ऑइल आहेत. जीएल-५ मुळात हायपॉइड गिअरसाठी, म्हणजे मागच्या ॲक्सलमधला क्राऊन-पिनियन, मोठा गिअर आणि त्याला फिरवणारा छोटा गिअर. तिथं पिनियन क्राऊनच्या मधोमध लागत नाही, खाली सरकवलेला असतो, त्यामुळं दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत तर घासत सरकतात, आणि त्या दाबाखाली साधा ऑइलचा थर फुटतो. म्हणून त्यात गंधक-फॉस्फरसवाले ईपी, म्हणजे जबर दाब सोसणारे, ॲडिटिव्ह घालतात. दात तापला की ते लोखंडाशी संयोग करून वर एक बारीक थर धरतात आणि तो थर झिजतो, दात वाचतो. गिअर ऑइलला जो उग्र वास येतो, हाताला लागला की दोन दिवस जात नाही, तो याच गंधकाचा. जीएल-५ मध्ये हे प्रमाण जीएल-४ च्या साधारण दुप्पट.

आता तुमच्या गाडीत हायपॉइड आहे कुठं? इंजिन आडवं बसवलेल्या फ्रंट व्हील ड्राइव्हला गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच हौसिंगमध्ये, आणि शेवटची जोडीसुद्धा हेलिकल, म्हणजे तिरक्या दातांची. तिथं जीएल-४ ची ताकद पुरून उरते. उलट तुमच्या बॉक्सात ट्रॅक्टरच्या साध्या गिअरबॉक्सात नसते अशी एक नाजूक वस्तू आहे, सिंक्रोची पितळी रिंग.

ही रिंग हातात घेऊन बघितली की अर्धा विषय तिथंच कळतो. बांगडीएवढी असते, बाहेरून छोटे टोकदार दात, आणि आतल्या बाजूला अंगठा फिरवला तर बारीक आटे लागतात, ग्रामोफोनच्या तबकडीवर नख फिरवल्यासारखे. गिअरला एक गुळगुळीत स्टीलचा कोन असतो, गिअर टाकताना ही रिंग त्या कोनावर दाबली जाते. ते बारीक आटे कोनावरचा ऑइलचा थर कापतात, ऑइल बाजूला जातं, पितळ स्टीलला धरतं, दोघांचा वेग एक होतो आणि मगच स्लीव्ह पुढं सरकून गिअर पडतो. हे सगळं अर्ध्या सेकंदाच्या आत. म्हणजे या जागी आपल्याला घर्षण पाहिजे आहे! गिअरबॉक्सात बाकी सगळीकडं निसरडं पाहिजे आणि या रिंगच्या पोटात तेवढं पकडणारं पाहिजे. जीएल-५ मधली ॲडिटिव्ह तिथं पकड होऊ देत नाहीत, आणि ऑइल जाड असलं तर आट्यांना थर कापायलाच वेळ लागतो. वेग एक व्हायच्या आधीच आपण लिव्हर ढकलतो. तुमच्या तळहाताला लागतंय ते हेच, दातावर दात आपटूलालेत.

जाडीचंही ऐका. १०० अंश सेल्सिअसला मोजलं तर ८५ ग्रेडचं ऑइल ११ ते १३.५ सेंटीस्टोक (जाडी मोजायचं माप) भरतं आणि १४० चं २४ च्या पुढं. दुपटीच्या आसपास, तेसुद्धा तापल्यावर. सकाळी १३-१४ अंशाला तर फरक याहून किती तरी मोठा. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीचा, ७५डब्ल्यूची परीक्षा उणे ४० अंशाला घेतात, ८०डब्ल्यूची उणे २६ ला, ८५डब्ल्यूची उणे १२ ला. आपल्याकडं उणे कधी जात नाही हे बरोबर, म्हणून लोक म्हणतात आम्हाला ७५ काय करायचं. पण जे ऑइल उणे ४० ला हलतं ते आपल्या डिसेंबरच्या सकाळीसुद्धा पातळ राहतं, फायदा असा मिळतो.

धोका विचारलात तर, आज उद्या काही मोडणार नाही. पण प्रत्येक कर्र म्हणजे त्या टोकदार दातांची टोकं बोथट होणं आहे, आणि ती रिंग बदलायची म्हणजे बॉक्स खाली उतरवून पूर्ण उघडायला लागतो. दोन लिटर ऑइल परत घालणं त्यापुढं काहीच नाही. महिनाभर वाट बघू नका.

निपाणीकर
१५ डिसेंबर, सकाळी ७.५०

टर्नर साहेब फार छान लिहिलंय. एक भर घालतो. जुने लोक सांगतात जीएल-५ पितळ खातं, ते पूर्वी खरं होतं कारण त्यातलं गंधक तापल्यावर तांब्याच्या मिश्रधातूला धरायचं. त्यासाठी एक चाचणीच आहे, घासून चकचकीत केलेली तांब्याची पट्टी गरम ऑइलमध्ये ३ तास बुडवून ठेवायची आणि मग रंग बघायचा, १ नंबर म्हणजे जवळजवळ होती तशी, ४ म्हणजे काळी पडली. आजकालची चांगली जीएल-५ ऑइल या परीक्षेत पूर्वीएवढी वाईट नाहीत. त्यामुळं अनगोळकर, महिनाभरात तुमची पितळ खाऊन टाकली असेल अशी धास्ती घेऊ नका. पण पकडीचा मुद्दा राहतोच.

आणखी एक गैरसमज मी आमच्या इथल्या दुकानात रोज ऐकतो. लोकांना वाटतं इंजिनात ४० नंबर आणि गिअरला ९० नंबर म्हणजे गिअरचं दुप्पट जाड. तसं नाही, दोन्ही मोजायच्या पट्ट्या वेगळ्या आहेत. गिअरचं ९० हे १०० अंशाला १३.५ ते १८.५ सेंटीस्टोक, इंजिनाचं ४० हे १२.५ ते १६.३. बरंचसं एकमेकांवर बसतं.

शहापूर_माहेर
१५ डिसेंबर, सकाळी ११.०५

मी थोडं वेगळं सांगते, ऑइल तर बदलाच पण त्याआधी क्लच बघा. माझ्या गाडीला असाच आवाज यायचा, सगळ्यांनी गिअरबॉक्स गेला म्हणून घाबरवलं, आणि शेवटी निघालं काय तर क्लचची केबल ताणून लांब झाली होती, पॅडल पूर्ण दाबलं तरी क्लच पूर्ण सुटत नव्हता. घरच्या घरी बघता येतं. गाडी सपाट जागी उभी, इंजिन चालू, न्यूट्रल. क्लच पूर्ण दाबा, मनात दहापर्यंत मोजा आणि मग रिव्हर्स टाका. बऱ्याच गाड्यांना रिव्हर्सला सिंक्रो नसतो, त्यामुळं तो खोटं बोलत नाही, आतलं फिरणं थांबलं असेल तर गुपचूप पडतो आणि क्लच ओढत असेल तर दहा मोजूनसुद्धा खरखरतो. रिव्हर्स खरखरला तर दोष क्लचचा, ऑइलचा नाही.

माझ्या गाडीच्या पुस्तकात जीएल वगैरे काही लिहिलेलंच नाही, कंपनीचं स्वतःचं एमटीएफ, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सचं ऑइल, घाला एवढंच. ते बरंच पातळ असतं. मी दर आठवड्याला गोव्याला जाते, जाताना चोर्ला आणि कधी पाऊस फार असेल तर खानापूरवरून अनमोड, आणि घाटात किती चालते म्हणून मला दोन-तीन जणांनी जाड ऑइल घालायचा सल्ला दिला होता. मी घातलं नाही. बरं केलं ना टर्नर दादा?

उद्यमबाग_टर्नर
१५ डिसेंबर, दुपारी १.२०

एकदम बरं केलंत ताई. ज्यानं बॉक्स बनवला त्यानं एमटीएफ म्हटलं असेल तर तेच. पातळ ऑइल बेअरिंगच्या आत लवकर शिरतं, जाड घातलं की ते दातांवरच फिरत राहतं. तुमची रिव्हर्सची परीक्षाही बरोबर, मीच आधी सांगायला पाहिजे होती.

अनगोळ_केए२२
१५ डिसेंबर, रात्री ८.३०

ताई, लगेच करून बघितलं. दहा मोजून रिव्हर्स टाकला, लोण्यात सुरी जावी तसा पडला. म्हणजे क्लच ठीक. आता ऑइल आणतो. आज खडे बाजारला विचारून आलो, पहिल्या दुकानात म्हणाले 'कार गिअर ऑइला? तोंबत्त बेका?' म्हणजे सगळ्यांना नव्वदच द्यायची सवय. दुसऱ्यानं सुटं ऑइल बॅरलमधून देतो म्हणून सांगितलं, नको म्हटलं. तिसऱ्याकडं ७५डब्ल्यू-८५ नव्हतं पण मागवून देतो म्हणाला, परवा येईल. एका कॅनवर जीएल-४ आणि जीएल-५ दोन्ही छापलेलं होतं, ते चालतं का?

निपाणीकर
१५ डिसेंबर, रात्री ९.१०

काही ऑइल खास सिंक्रो सांभाळून दोन्हीसाठी केलेली असतात, पण पुस्तकातलं मिळत असेल तर दोन दिवस थांबलेलं बरं. सुटं घेऊ नका हे योग्य केलंत, बॅरलच्या पोटात काय आहे ते कुणाला दिसतंय.

खानापूर_जांबोटी
१५ डिसेंबर, रात्री १०.००

थोडं आमच्यासारख्या रिअर व्हीलवाल्यांबद्दलही बोलूया कारण इकडं गावात बोलेरो, सुमो, ओम्नी, ईको लई आहेत आणि हा धागा वाचून कुणीतरी उद्या मागच्या ॲक्सलमध्ये जीएल-४ घालून बसेल. आमच्या गाड्यांना दोन वेगळ्या जागी दोन ऑइल. पुढं गिअरबॉक्स, त्याला पुस्तकात असेल ते. मागं हौसिंग, तिथं क्राऊन-पिनियन, तिथं जीएल-५ च. तिथं जीएल-४ घातलं तर घाट चढताना पिनियन रडायला लागतो. गॅरेजवाले एकच बादली घेऊन दोन्हीकडं ओततात तिथं घोळ होतो.

आणि पाणी. आमच्याकडं जून ते सप्टेंबर ओढे-नाले ओलांडल्याशिवाय जगणं नाही. गरम ॲक्सल एकदम थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा जायच्या भोकातून), सीलमधून पाणी आत ओढते. २०१९ च्या ऑगस्टात पाणी आलं होतं तेव्हा माझ्या गाडीचं मागचं चाक अर्ध्यापर्यंत पाण्यात गेलं, दोन दिवसांनी प्लग काढला तर दुधाच्या चहासारखं आलं. काळं नाही, तपकिरी नाही, पांढुरकं. असं ऑइल दिसलं तर किलोमीटर मोजत बसू नका, लगेच काढा, आणि नवीन घालून थोडं चालवून परत एकदा काढा कारण पहिल्यांदा सगळं निघत नाही. पावसाळा संपला की दसऱ्याला गाडीची पूजा करायच्या आधी मी दोन्ही प्लग उघडून बोट घालून बघतो, दरवर्षी.

चिक्कोडी_ऊसवाला
१५ डिसेंबर, रात्री १०.४०

टर्नर, तुमचं लिवलेलं दोनदा वाचलं. मला ह्ये रिंगेचं म्हाईतच नव्हतं. आमच्या जुन्या ट्रॅक्टरला गाडी थांबवूनच गिअर टाकायचा, म्हणून कधी कळलं न्हाई. मी आधी लिवलेलं मागं घेतो, अनगोळकर तुम्ही माझं ऐकू नका.

उद्यमबाग_टर्नर
१६ डिसेंबर, सकाळी ६.४५

मामा, असं म्हणायला मन मोठं लागतं.

अनगोळकर, काढताना एक गोष्ट लक्षात ठेवा, हात जोडून सांगतो. खालचा ड्रेन प्लग उघडायच्या आधी वरचा, भरायचा प्लग सैल करून बघा. तो गंजून बसलेला असेल आणि तुम्ही खालून सगळं ऑइल काढून ठेवलं असेल तर गाडी जाग्यावर अडकली, ना ऑइल घालता येतंय ना चालवून कुठं नेता येतंय. आमच्याच गल्लीत एक गाडी तीन दिवस विटांवर उभी होती यापायी. आणि दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणून मग काढा, गरम असलं की गाळासकट येतं. गाडी सपाट पाहिजे, पुढून जॅकवर उचललेली असेल तर लेव्हल चुकते. भरायच्या भोकातून ऑइल परत बाहेर ओघळायला लागलं की झालं. कॅन संपवायचा म्हणून जास्त कोंबू नका, जास्तीचं सीलमधून निघतं. वॉशर नवीन.

अनगोळ_केए२२
२१ डिसेंबर, संध्याकाळी ६.१५

मंडळी, आज केलं. वडगावला मामांच्या घरी सर्व्हिसिंगचा खड्डा आहे, मेस्त्रींना सोबत घेऊन गेलो. मुद्दाम घेऊन गेलो, कारण माणूस प्रामाणिक आहे, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. वरचा प्लग आधी. टर्नर साहेब, तो खरंच बसलेला होता, तीन वेळा स्प्रे मारून, पान्याला पाइप लावून, तेव्हा कुठं टक् करून सुटला.

खालचा काढल्यावर ऑइल आलं ते मधासारखं, तुटतच नव्हतं, गाडी गरम होती तरी. प्लगला लोहचुंबक आहे, त्यावर करडी मळी जमली होती, बोटावर घेऊन चोळली तर काजळासारखी मऊ, खडा एकही नाही. पण ट्रे उन्हात नेऊन तिरका केला तेव्हा ऑइलमध्ये सोनेरी चमक दिसली, अगदी बारीक, रांगोळीतल्या जरीसारखी. मेस्त्रींनी बघितलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, हे पितळ आहे न्हवं. नवीन ऑइलचे पैसे त्यांनीच दिले, मी नको म्हणत होतो. १.९ लिटर बसलं.

उद्यमबाग_टर्नर
२१ डिसेंबर, संध्याकाळी ७.००

करडी मळी मऊ असेल तर काळजी नाही, ती स्टीलची नेहमीची झीज. सोनेरी चमक ८६ हजारांवर थोडी असायचीच, आधीचं ऑइल काढल्यावर राहिलेलीसुद्धा त्यात असणार. उद्या सकाळचं सांगा. दुसऱ्याला टाकताना न्यूट्रलला एक क्षण थांबा, रिंगेला तिचं काम करू द्या.

अनगोळ_केए२२
४ जानेवारी, रात्री ९.२०

दोन आठवडे मुद्दाम थांबून लिहितोय. तिसऱ्याच दिवशी अडकणं गेलं. कर्र आवाज रोजचा होता तो आता आठवड्यातून एखाद वेळी, तोही मी घाई केली तरच. म्हणजे पूर्ण गेला नाही, रिंगेचं थोडं नुकसान झालंच असेल, ते मान्य करून चालतोय. काल बाबांना घेऊन चोर्ल्यातून साखळीला जाऊन आलो, येताना अख्खा घाट दुसऱ्या-तिसऱ्यात, धुकं होतं, समोर ट्रक, सारखे गिअर बदलायला लागत होते. जांबोटीला चहाला थांबलो तेव्हा बाबा म्हणाले इथून पुढं किल्ली मला दे.

आणखी एक, मेस्त्रींनी गॅरेजच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवलंय, कुठल्या गाडीला कुठलं ऑइल, पुस्तकात बघून. मागच्या हौसिंगचा वेगळा रकाना केलाय.

चिक्कोडी_ऊसवाला
४ जानेवारी, रात्री ९.५०

लई बरं वाटलं वाचून. टर्नर, माझ्या पोराची गाडी हाय, फ्रंट व्हीलच, मीच त्याला ९० नंबर घालायला लावलं होतं मागच्या वर्षी, डब्यावर जीएल-५ हाय, आत्ता जाऊन बघून आलो. पुस्तकात ७५डब्ल्यू-८० जीएल-४ लिवलंय. आवाज न्हाई पण सकाळी जड पडतोय म्हणतोय. रविवारी बेळगावला येतो, तुम्ही बघून द्याल काय?

उद्यमबाग_टर्नर
४ जानेवारी, रात्री १०.०५

या की मामा, ऑइल मी आणून ठेवतो. पोराला सांगा, शनिवारी रात्री भरायच्या प्लगला स्प्रे मारून ठेव.